‘तोटी’ हे उत्तर चूक नव्हते

नळाचे चित्र होते. पांढऱ्या कार्डावर पितळी नळ आणि खाली पडणारा पाण्याचा एक थेंब. टेबलापलीकडच्या वाचा-उपचारक (स्पीच थेरपिस्ट) मुलीने विचारले, "बाबूजी, ये क्या है?" बाबांनी बराच वेळ नुसते ओठ हलवले. डाव्या हाताची बोटे टेबलाच्या कडेला घट्ट धरली आणि म्हणाले, "तोटी."

पक्षाघाताला तीन आठवडे झाले होते. डोळ्यांसमोरच्या वस्तूचे नाव त्यांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा निघाले. मला रडू आवरेना. त्या मुलीने मात्र कागदावर फुली मारली आणि शेजारी काही लिहिले. मी नंतर विचारले तेव्हा कळले की बाबा ‘रोटी’ म्हणू पाहत आहेत असे तिला वाटले होते. म्हणजे शब्द चुकला आणि शब्दातला पहिला ध्वनीही चुकला. एका बरोबर उत्तराच्या तिने दोन चुका धरल्या होत्या.

आमच्या वऱ्हाडात नळाला तोटी म्हणतात. हे सांगितल्यावर तिने लगेच फुली खोडली, बाबांची माफी मागितली आणि त्या दिवसापासून प्रत्येक कार्ड दाखवण्याआधी ती मला विचारू लागली, "मॅडम, आपके यहाँ इसको क्या कहते हैं?" ती मेहनती होती, प्रामाणिक होती. परराज्यातून आली होती, पदवी आणि पदव्युत्तर मिळून सहा वर्षे शिकली होती आणि मेंदूच्या कुठल्या भागाला इजा झाली की बोलण्यातले काय जाते हे तिला तोंडपाठ होते. तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. माझी तक्रार त्या सहा वर्षांबद्दल आहे. ज्या माणसांवर ती उपचार करणार होती त्यांची भाषा तिला शिकवावी, असे त्या सहा वर्षांत कुणालाही वाटले नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नाही. पण वाचा-उपचार हे वैद्यकातले असे एकच क्षेत्र आहे की जिथे भाषा हेच औषध असते आणि भाषा हाच आजार असतो. हाड मोडलेल्या माणसाचे प्लास्टर डॉक्टर कुठल्याही भाषेत घालू शकतो. ‘पाणी’ हा शब्द हरवलेल्या माणसाला तो शब्द परत मिळवून द्यायचा, तर तो ‘पाणी’ म्हणत होता, ‘पानी’ म्हणत होता की आणखी काही, हे आधी ठाऊक असावे लागते. म्हणून या विषयावर बोलण्याचा हक्क भाषेच्या शिक्षकालाही आहे असे मी मानते.

आपल्याकडे या शिक्षणाची चौकट अशी आहे. बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची पदवी, ज्यात शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषा हे दोन्ही विषय त्यात एकत्र असतात. मग दोन वर्षांची एम.एस्सी., जिथे वाटा वेगळ्या होतात. अभ्यासक्रम ठरवणे आणि व्यावसायिकांची नोंदणी ठेवणे हे काम १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे आले. संस्था जुन्या आहेत. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्था १९६५ ची, आणि तिथे सुरुवातच पदव्युत्तर अभ्यासक्रमाने झाली. मुंबईत नायर रुग्णालयात १९६० च्या दशकापासून हे शिक्षण आहे, वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ मध्ये उभी राहिली, पुण्यात भारती विद्यापीठात अभ्यासक्रम आहेत. म्हणजे महाराष्ट्र या विषयात कालचा आलेला नाही. साठ वर्षांची परंपरा असलेल्या राज्याला जाब विचारता येतो.

पदवीच्या अभ्यासात भाषाविज्ञान असते, आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीही शिकवतात. पण ते सर्वसाधारण भाषाविज्ञान असते, पुस्तकातली उदाहरणे बहुतेक इंग्रजीतली. त्यातून मराठी रुग्णाच्या बोलण्यातले काय निसटते, ते जरा सविस्तर सांगते, कारण इथेच सगळे अडते.

‘जात’ हा शब्द घ्या. ‘तुझी जात कोणती’ यातला ज आणि ‘मी घरी जात आहे’ यातला ज हे दोन वेगळे ध्वनी आहेत. अक्षर एक, उच्चार दोन. च चेही तसेच, ‘चार’ मधला वेगळा आणि ‘चाक’ मधला वेगळा. हिंदी किंवा कन्नड घरात वाढलेल्या उपचारकाच्या कानाला यातला दंत्य (जीभ दातांकडे नेऊन केलेला, ‘चाक’ मधल्यासारखा) उच्चार दोष वाटू शकतो. उलट, मराठी मूल ‘चाक’ तालव्य, म्हणजे ‘चार’ मधल्या, च ने म्हणत असेल तर ती गडबड त्या कानाला ऐकूच येणार नाही.

मग ळ. लहान मूल ‘काळा’ ला ‘काला’ म्हणते तेव्हा आपण कौतुकाने हसतो, सातव्या-आठव्या वर्षीही म्हणत राहिले तर दाखवायला नेतो. पण वऱ्हाडातले मूल ‘काळा’ ला ‘काया’ म्हणते, ‘डोळा’ ला ‘डोया’ म्हणते, आणि त्याची आजीही तेच म्हणते. खानदेशात अहिराणीतही हे आहे. हा दोष नव्हे, ही बोली आहे. ‘पानी’, ‘लोनी’ म्हणणारी माणसे महाराष्ट्रात कोट्यवधी असतील. मालवणीत नाकातून निघणारे स्वर जागोजागी येतात, त्या मुलाला गेंगाणा ठरवायला अडाणी कान पुरेसा आहे. बोली कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो, हा वाचा-उपचारातला पहिला प्रश्न आहे. त्याचे उत्तर पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीवर वाढलेल्या उपचारकालाही आपोआप येत नाही. म्हणून ‘मराठी मुलांना जागा द्या, प्रश्न सुटेल’ असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. शिकवावेच लागेल.

व्याकरण तर त्याहून खोल. पुढे काही महिन्यांनी बाबा दोन-तीन शब्द जोडू लागले. एकदा म्हणाले, "भाकर… खाल्ला." मी दचकले. म्हणायला हवे होते ‘खाल्ली’. मराठीत अशा वाक्यात क्रियापद कर्त्याचे लिंग पाळत नाही, कर्माचे पाळते. पुरुष असो की बाई, भाकर ‘खाल्ली’ आणि आंबा ‘खाल्ला’. बाबांचे हे सूत्र तुटले होते. ‘घोडा’ चे ‘घोड्याला’ होताना मधे जे सामान्यरूप होते, तेही तुटले होते, ते ‘घोडाला’ म्हणत. इंग्रजी पाठ्यपुस्तकातला रुग्ण अनेकवचनाचा एस विसरतो, भूतकाळाचा ईडी विसरतो. मराठी रुग्ण काय विसरतो, कोणत्या क्रमाने विसरतो आणि कोणत्या क्रमाने परत मिळवतो, हे पाहण्यासारखे केवढे शेत पडून आहे! एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावा लागतो. विषय शोधत ते वणवण करतात असे ऐकते. विषय तर इथे पायाशी आहेत.

म्हैसूरने नेमके हेच केले. तिथल्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे प्रबंधांतून कन्नडच्या उच्चारचाचण्या, भाषाचाचण्या तयार केल्या, त्या वापरात आणल्या. संस्था केंद्र सरकारची, विद्यार्थी देशभरचे, शिकवण्याचे माध्यम इंग्रजी, तरीही ज्या गावात दवाखाना आहे त्या गावच्या भाषेचे काम झाले. मराठीत कामच झाले नाही असे मी म्हणत नाही. मुंबई-पुण्यात चाचण्या बनल्या आहेत. पण बाबांच्या निमित्ताने मी चार शहरांतल्या ज्या ज्या उपचारकांना भेटले त्या प्रत्येकाने मला स्वतः जमवलेली, स्वतः भाषांतर केलेली, झेरॉक्स काढून काढून फिकट झालेली चित्रे दाखवली. एकाचा शब्दसंच दुसऱ्याला माहीत नव्हता. ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा (२०११ ची जनगणना) अशा सुट्या कागदांवर चालली आहे.

आणि हे फक्त शास्त्रशुद्धतेचे प्रकरण नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचा आणि भाषा यांचे अपंगत्व २१ प्रकारांमध्ये घेतले, त्यात पक्षाघातानंतर गेलेली भाषा येते, स्वरयंत्र काढल्यानंतर गेलेला आवाज येतो. तंबाखूने घसा पोखरलेल्या माणसांच्या या राज्यात ही तरतूद किती जणांच्या कामाची आहे, हे वेगळे सांगायला नको. पण प्रमाणपत्रावर टक्केवारी लागते, ती तपासणीवर ठरते आणि तपासणीत ‘तोटी’ ला फुली मिळू शकते.

मुलांच्या बाबतीत नुकसान दुसऱ्या बाजूने होते. बोलायला उशीर झालेल्या मुलाच्या आईबापांना सर्रास सल्ला मिळतो: घरात एकच भाषा बोला. आणि ती एक भाषा कोणती? मूल इंग्रजी शाळेत जाणार, उपचारकाचे साहित्य इंग्रजी, म्हणून इंग्रजी. दोन भाषा ऐकल्याने मुलाचे बोलणे मागे पडत नाही, हे संशोधनाने कधीच दाखवून दिले आहे. तरीही माझ्या शेजारच्या घरात आजी नातवाशी दोन वर्षे ‘कम’, ‘गो’, ‘ॲपल’ एवढ्यावर बोलत होती. तिच्याजवळ गोष्टी होत्या, उखाणे होते, झोपवतानाची बडबड होती. सगळे तिने गिळले, नातवाच्या भल्यासाठी. ज्या मुलाला भाषेची सर्वांत जास्त गरज होती, त्याच्याशी घरातली सर्वांत जास्त बोलणारी बाई गप्प झाली. तो सल्ला देणाऱ्याला पदव्युत्तर वर्गात कुणी खडसावून सांगितले असते तर?

इथे ‘मराठी’ म्हणताना मी रुग्णाची भाषा म्हणते आहे. मेळघाटातल्या कोरकू मुलाला मराठीही परकीच, नंदुरबारच्या भिल्ल मुलालाही. त्यांच्यासाठी उपचारक कोण घडवणार, हा तर याहून कठीण प्रश्न आहे. पण आधी घरात कोणती भाषा आहे हे विचारायची आणि ती ऐकायची सवय लागली, तर त्या प्रश्नालाही हात घालता येईल.

तेव्हा माझी पहिली मागणी अशी: महाराष्ट्रातल्या प्रत्येक वाचा-भाषा एम.एस्सी.त मराठीची ध्वनिव्यवस्था, व्याकरण आणि बोली यांचा सक्तीचा अभ्यास हवा आणि त्याची परीक्षा रुग्णासमोर व्हावी. परराज्यातल्या मुलांनाही. ती मुले हुशार असतात, दोन वर्षांत कामापुरती मराठी शिकणे त्यांना जड नाही. साहित्यही उपलब्ध आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले आहे, गावोगावच्या माणसांची बोलणी त्यात ध्वनिमुद्रित आहेत. वाचा-उपचाराच्या विद्यार्थ्याला कान तयार करायला यापेक्षा चांगले काय मिळणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी अभिजात ठरली. त्या निमित्ताने येणाऱ्या पैशातून जुनी हस्तलिखिते जपावीत, जरूर जपावीत. त्याच पैशातला छोटा वाटा ज्यांच्या तोंडून मराठी निघून गेली आहे त्यांच्यासाठीही असावा.

दुसरी मागणी अधिक वादाची आहे, आणि ती एका मुलीमुळे माझ्या मनात आली.

माझी जुनी विद्यार्थिनी. बारावी कला, मग बी.ए. मराठी, मग भाषाविज्ञानात एम.ए. सुट्टीत भेटायला आली तेव्हा बाबा खाटेवर बसून खिडकीबाहेर पाहत होते. तिने मला विचारले, "मॅडम, आजोबा काय काम करायचे?" मी सांगितले, एसटीत वाहक होते, ३१ वर्षे, अकोला आगार. ती त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि हाळी दिल्यासारखी म्हणाली, "अकोला… बाळापूर…" आणि थांबली. बाबांनी तिच्याकडे पाहिले. म्हणाले, "खामगाव." मग आपणहून, "नांदुरा, मलकापूर." स्वतःचे नाव ज्यांना सांगता येत नव्हते त्यांनी थांबे सांगितले, एकामागून एक, पूर्वीच्याच हेलात.

तिने ते शास्त्राने केले होते. ओळीने पाठ झालेली भाषा (मोजणी, वार, पाढे, प्रार्थना) पुष्कळदा शाबूत राहते, कारण ती शब्द शोधून बोलावी लागत नाही, हे ती शिकली होती. त्या उन्हाळ्यात ती रोज संध्याकाळी आली. जोडशब्दांचा अर्धा भाग द्यायची: ‘चहा…’ आणि बाबा म्हणायचे ‘पाणी’. ‘भाजी…’ ‘भाकरी’. म्हणींचे अर्धे तोंड उघडून द्यायची: ‘अति तेथे…’ ‘माती’. एकदा का ‘पाणी’ असे निघाले की मग हळूच तांब्या पुढे करून विचारायची, हे काय? आणि तो शब्द ओळीतून सुटून बाबांच्या हाती यायचा. दवाखान्यातल्या उपचारक मुलीकडे तंत्र होते, हिच्याकडे भाषा होती. दोन्ही एका माणसात असायला काय हरकत आहे, असे मला तेव्हा वाटले. तिलाही वाटले. तिने चौकशी केली.

उत्तर आले: नाही. एम.एस्सी.ला प्रवेश हवा तर या विषयातली चार वर्षांची पदवी हवी. त्या पदवीला प्रवेश हवा तर बारावीला विज्ञान हवे. म्हणजे तेविसाव्या वर्षी भाषाविज्ञानाची द्विपदवीधर असलेल्या मुलीने या वाटेने जायचे तर पुन्हा अकरावीत बसायचे.

ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठात दुसऱ्या विषयातला पदवीधर काही पूर्वअट-विषय करून दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासाने स्पीच पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे वाचा-उपचारक, होऊ शकतो. इंग्लंडमध्ये असे पदव्युत्तर मार्ग आहेत. अमेरिकेत तर व्यवसायात शिरायलाच पदव्युत्तर पदवी लागते, आणि भाषाविज्ञान, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा विषयांतून आलेली मुले आधी पूर्वतयारीचे विषय करून तिथे पोहोचतात. त्यामुळे तिथे या व्यवसायात भाषेची माणसे आहेत. आपण हे दार बारावीच्या गुणपत्रिकेवर बंद केले आहे, सोळाव्या वर्षी घेतलेल्या निर्णयावर.

यावरचा आक्षेप मला माहीत आहे आणि तो पोकळ नाही. एका ज्येष्ठ उपचारकाने मला सरळ विचारले, "मॅडम, गिळण्याचे काय?" वाचा-उपचारक फक्त बोलणे पाहत नाही. पक्षाघाताच्या रुग्णाला तोंडाने पाणी द्यायचे की नळीने, हेही तोच तपासतो. घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो, माणूस दगावतो. बाबांना पहिले दहा दिवस नळी होती, मी ते पाहिले आहे. व्याकरण येते म्हणून कुणाला माझ्या बापाच्या घशाशी खेळू देणार नाही. पण म्हणूनच पूर्वतयारीचे एक वर्ष ठेवा: शरीररचना, चेताशास्त्र, श्रवणशास्त्र, गिळण्याची क्रिया, कडक परीक्षा, नापास झाला तर पुढे प्रवेश नाही. मग दोन वर्षे सगळ्यांबरोबर तोच अभ्यासक्रम, तेवढेच रुग्ण. शरीररचना शिकवता येते, विज्ञानाच्या मुलांनाही ती पहिल्या वर्षी शून्यापासूनच शिकवतात. मग भाषेच्या मुलांना ती जमणार नाही हे कशावरून ठरवले?

दुसरा आक्षेप परदेशाचा: मुले बाहेर जाण्यासाठी शिकतात, मराठी घेऊन काय करतील? जाणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही, पगार तिथे आहेत, मान तिथे आहे. पण जो मराठीची सामान्यरूपे बारकाईने तपासायला शिकला, तो परदेशातल्या स्थलांतरित मुलाचे बोलणेही त्याच बारकाईने तपासेल. शिवाय इथे थांबणारेही हवेत ना? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने २०१३ पासून शाळा-अंगणवाड्यांतली मुले तपासायला सुरुवात केली, जिल्हा पातळीवरच्या केंद्रांत वाचा-उपचारकाची जागा धरली. बोलीतले शिकलेले, गावाकडचे, भाषेच्या वाटेने आलेले पदवीधर अशा जागांवर टिकतील, असा माझा पंचवीस वर्षांचा वर्गातला अनुभव सांगतो. माझ्या वर्गातून मुंबईला गेलेली मुले परत आली नाहीत, अकोल्यात काम मिळालेली राहिली.

अभ्यासक्रम दिल्लीत ठरतो, हे खरे. पण महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला आहे. पूर्वतयारी वर्षाचा प्रस्ताव परिषदेकडे मांडणे, तोंडी परीक्षेत मराठी रुग्ण ठेवणे, प्रबंधांतून निघालेल्या चाचण्या एका ठिकाणी सर्वांना खुल्या करणे, यातले कशालाही संसदेची परवानगी लागत नाही.

माझी विद्यार्थिनी आता पुण्यात एका कंपनीत नोकरी करते. पगार बरा आहे. त्या उन्हाळ्यात तिने एक दोनशेपानी वही भरली होती: वऱ्हाडी शब्द, पहिल्या ध्वनीप्रमाणे लावलेले, प्रत्येकासमोर तो बाहेर काढायला उपयोगी पडणारा जोडशब्द किंवा म्हण, आणि बाबांना तो पहिल्यांदा आला ती तारीख. दवाखान्यातल्या त्या उपचारक मुलीने वही पाहिली, एक रात्र मागून नेली आणि पूर्ण झेरॉक्स काढून घेतली. अजून ती त्याच रुग्णालयात आहे, आता मराठी बोलते. गेल्या महिन्यात बाबांना तपासणीला नेले तेव्हा ती झेरॉक्स तिच्या टेबलावर उघडी होती, समोर बुलढाण्याकडचे एक आजोबा बसले होते आणि ती त्यांना विचारत होती, "आजोबा, तुमच्याकडं याले काय म्हणतात?"